एक काठी, तीन गावे आणि पृथ्वी

पृथ्वी गोल आहे आणि तिचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे आज शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच मुलाने संध्याकाळी घरी येऊन वडीलधाऱ्यांना विचारले, "हे तुम्हांला कशावरून कळले?" तर आपल्यापैकी बहुतेकांची पंचाईत होईल. पुस्तकात आहे, मास्तरांनी सांगितले, आता तर अवकाशातून काढलेली चित्रेही आहेत, अशी उत्तरे येतील. ती खोटी नाहीत. पण ती सगळी ऐकीव आहेत. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे हे पूर्वीच्या माणसांनी ज्या रीतीने मान्य केले, त्याच रीतीने आपण ती गोल असल्याचे मान्य केले आहे. पोथी बदलली, ऐकणाऱ्याची मान डोलावण्याची सवय तीच राहिली.

ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही. जो समाज विज्ञानाचे निष्कर्ष ऐकून घेतो, पण ते निष्कर्ष ज्या वाटेने आले त्या वाटेवर एकदाही पाऊल टाकीत नाही, त्याला खरे विज्ञान आणि विज्ञानाच्या नावाने खपवलेली थाप यांतला भेद कसा कळावा? दोन्ही त्याला सारख्याच अधिकारवाणीने ऐकू येतात. म्हणून या लेखात श्रोत्यांना नुसते सांगण्यापेक्षा काही करायला लावावे, असा आमचा विचार आहे. साहित्य फार नाही. एक मीटरभर सरळ काठी, गवंड्याचा ओळंबा, मोजपट्टी आणि मे महिन्यातली एक दुपार. योगायोग असा की, गावोगाव वसंत व्याख्यानमाला भरतात त्याच दिवसांत आकाशात ही संधी चालून येते.

बारा वाजता सूर्य डोक्यावर?

"बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला," असे आपण बोलतो. या छोट्या वाक्यात दोन चुका आहेत, आणि त्या दोन्ही चुका पाहण्याजोग्या आहेत.

पहिली चूक घड्याळाची. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे. ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. पुणे त्या रेषेच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास आहे, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. तेव्हा मिर्झापूरला मध्यान्ह झाल्यावर पुण्याला ती व्हायला सुमारे पस्तीस मिनिटे जायला हवीत. त्यातही पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, म्हणून वर्षभर सूर्य घड्याळाच्या थोडा पुढेमागे होत असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तो तीनचार मिनिटे पुढे असतो. एकंदर हिशेब करता त्या दिवसांत पुण्याची खरी मध्यान्ह साडेबारा वाजून एकदोन मिनिटांनी होते. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तेथे ती बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होते. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईत कित्येक वर्षे शहराची स्वतःची वेळ चालू होती, आणि ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. मुंबईकरांचा हा हट्ट प्रवाशांची त्रेधा उडवीत असेल. पण सूर्य मात्र त्यांच्या बाजूने होता!

दुसरी चूक अधिक मनोरंजक आहे. मध्यान्हीला सूर्य आकाशातल्या त्या दिवसाच्या सर्वांत उंच जागी येतो हे खरे. पण ती जागा डोक्यावरच असते असे नाही. डिसेंबरच्या बावीस तारखेला पुण्याच्या मध्यान्हीला सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून केवळ अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. त्या वेळी एक मीटर उंचीच्या काठीची सावली नव्वद सेंटिमीटर पडते. तेथून सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो आणि मध्यान्हीची सावली आखूड होत जाते. मेच्या १३-१४ तारखेच्या सुमारास ती संपते. सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते आणि दिसेनाशी होते.

एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेला जातो आणि मध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडू लागते. २१ जूनला पुण्यात ती सुमारे साडेआठ सेंटिमीटर असते. या दिवसांत भर दुपारी उत्तरेकडच्या खिडकीच्या चौकटीवर ऊन का येते, हे कोडे पुष्कळांना पडत असेल. त्याचे उत्तर हे. पुढे जुलैच्या अखेरीस सूर्य परत फिरताना सावली पुन्हा एकदा नाहीशी होते. पण तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते. त्यामुळे आपल्याकडे हा सोहळा पाहायचा तो मे महिन्यातच.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांनाच हे भाग्य वर्षातून दोनदा लाभते. दिल्लीकरांच्या डोक्यावर सूर्य कधीच येत नाही. महाराष्ट्र आणि गोवा मात्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्या एकूण एक गावाला असे दोन दिवस मिळतात. पणजीला पहिला दिवस २-३ मेच्या सुमारास येतो, कोल्हापूरला ७ मे, सोलापूरला १०-११ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २० मे आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. ही यादी नुसती वाचली तरी एक गोष्ट लक्षात येईल. बिनसावलीचा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे, गावामागून गाव ओलांडीत चालला आहे. तो असा का चालतो, या प्रश्नातच पृथ्वीचे माप दडलेले आहे.

विहिरीच्या तळाशी सूर्य

हा प्रश्न ज्याने पुरता धसास लावला तो एराटोस्थेनीस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत राहत होता. तेथील प्रसिद्ध ग्रंथालयाचा तो प्रमुख होता. पृथ्वीच्या मापनावरचा त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण नंतरच्या लेखकांनी त्याच्या रीतीची हकिगत लिहून ठेवली आहे. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला, नाईल नदीवर सायनी नावाचे गाव होते. त्यालाच आज अस्वान म्हणतात. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी तेथे मध्यान्हीला वस्तूंची सावली पडत नाही आणि खोल विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचते, अशी माहिती प्रचलित होती. त्याच दिवशी त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. एराटोस्थेनीसने तिचा कोन मोजला. तो पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे सात अंशांहून थोडा अधिक भरला.

त्याचा तर्क असा. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावांत समांतरच येतात. मग एका गावची काठी किरणांच्या रेषेत उभी आणि दुसऱ्या गावची तिरपी, असे होते त्याअर्थी काठ्याच एकमेकींशी तिरप्या आहेत. काठ्या तर दोन्हीकडे ओळंब्यात उभ्या! तेव्हा तिरपी आहे ती जमीन. दोन गावांच्या दरम्यान जमीन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतकी वळली आहे. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया धरले जाई. त्याची पन्नास पट केली की पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया झाला. त्याचा स्टेडिया नेमका किती लांबीचा, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. शिवाय सायनी हे अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेला नाही आणि काटेकोरपणे कर्कवृत्तावरही नाही. पण विचाराच्या सौंदर्याला या गोष्टींनी बाध येत नाही. नगराबाहेर पाऊल न टाकता एका माणसाने पृथ्वीला दोरी गुंडाळली.

आपली तीन गावे

हाच प्रयोग आपल्याला करता येईल काय? त्यासाठी दक्षिणोत्तर एका रेषेत असलेली गावे हवीत. नकाशा उघडून पाहावा. पणजी, पुणे आणि नाशिक ही तीन शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत! तिघांचीही मध्यान्ह एकाच मिनिटाच्या मागेपुढे होते. जणू काही कोणी हा प्रयोग मनात धरूनच ती वसवावी.

मेच्या दोन किंवा तीन तारखेला, जेव्हा पणजीत सावली नाहीशी झालेली असेल, तेव्हा पुण्यात आणि नाशिकात एकेकाने गच्चीवर किंवा अंगणात सपाट जागी मीटरभर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. काठीच्या पायाशी कागद अंथरून साडेबाराच्या आधी पंधरा मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करावी. या सर्व खुणांपैकी जी काठीच्या पायाशी सर्वांत जवळ तीच मध्यान्हीची. येथे घड्याळावर विसंबण्याचेही कारण नाही; सावलीच मध्यान्ह सांगते. सूर्याकडे मात्र कोणी नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. येथे सारे काम सावलीवरच भागते.

पुण्यात सावली सुमारे ५.३ सेंटिमीटर भरेल, नाशिकात सुमारे ७.९ सेंटिमीटर, आणि दोन्हीकडे ती उत्तरेला पडेल. शंभर सेंटिमीटरच्या काठीला ७.९ सेंटिमीटर सावली म्हणजे साडेचार अंशांचा कोन. हा कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजता येतो. साडेचार अंश हा पूर्ण वर्तुळाचा ऐंशीवा भाग. पणजीहून नाशिक नकाशावर सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर. पाचशेची ऐंशी पट किती? चाळीस हजार. शाळेच्या पुस्तकातला आकडा आपल्या अंगणात उगवला!

प्रत्यक्षात आकडा इतका गोंडस येणार नाही. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट असते आणि मीटरभर काठीच्या सावलीचे टोक जवळजवळ सेंटिमीटरभर धूसर दिसते. अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तरात अडीच हजार किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून एकट्याने मोजण्यापेक्षा दहा घरांनी दहा काठ्या उभ्या कराव्या आणि सरासरी काढावी. एकाची चूक इकडे जाते, दुसऱ्याची तिकडे. बेरजेत दोन्ही बऱ्याच अंशी फिटतात.

एका शंकेखोर श्रोत्याचा प्रश्न

एखादा चौकस श्रोता येथे म्हणेल, "थांबा! तुम्ही सूर्य फार दूर आहे असे गृहीत धरले, म्हणून जमीन वाकडी निघाली. मी उलट म्हणतो. जमीन सपाट आहे आणि सूर्यच जवळ आहे. दिव्याखाली दोन पेले ठेवले तर जवळच्याची सावली आखूड आणि लांबच्याची मोठी पडते, तसेच हे."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्राचीन चीनमध्ये नेमके हेच गृहीत धरून सावल्यांवरून सूर्याची उंची काढण्यात आली होती. आपल्या आकड्यांवरून हिशेब केला तर सपाट पृथ्वीवर सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटर उंचीवर निघतो. पुण्याच्या सावलीवरूनही तेच आणि नाशिकच्या सावलीवरूनही तेच! मग सावल्या दोन्ही पक्षांना सारखीच साक्ष देतात की काय?

देतात, म्हणून दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. सूर्य जर इतका जवळ असेल, तर संध्याकाळी तो क्षितिजापासून तीस अंशांवर उतरतो तेव्हा त्याचे आपल्यापासूनचे अंतर मध्यान्हीच्या दुप्पट झालेले असले पाहिजे, आणि तबकडी निम्मी दिसली पाहिजे. हे तपासणे सोपे आहे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे आणि त्यातून येणारे ऊन मीटरभर अंतरावरच्या कागदावर घ्यावे. सूर्याची सुमारे नऊ मिलिमीटर रुंदीची वाटोळी प्रतिमा पडेल. मध्यान्हीला ती मोजावी आणि त्याच दिवशी पावणेपाचच्या सुमारास, सूर्य तीस अंशांवर असताना, पुठ्ठा नि कागद दोन्ही सूर्यासमोर धरून पुन्हा मोजावी. ती साडेचार मिलिमीटर होत नाही. नऊची नऊच राहते. म्हणजे सूर्याचे अंतर दिवसभरात जाणवण्याइतके बदलत नाही. तो खरोखरच फार दूर आहे. मग जमिनीला वळण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ते ६,३०० किलोमीटर? ती सूर्याची उंची नव्हेच. ती थोड्याफार फरकाने पृथ्वीची त्रिज्या आहे. चुकीच्या समजुतीतूनही निसर्ग खरा आकडा बोलून गेला, फक्त त्याचा अर्थ वेगळा होता.

हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितले. मुलाने अशी शंका काढली तर "तुला काय कळते?" म्हणून त्याला गप्प करणारे आपल्याकडे थोडे नाहीत. वस्तुतः त्याच्या एका शंकेने प्रयोगाला टाचणीच्या भोकाचा जोड मिळाला आणि आपले ज्ञान दुप्पट पक्के झाले. शंका घेणारा हा प्रयोगाचा शत्रू नव्हे, तो भागीदार आहे.

घरचा वारसा

काठी आणि सावली यांचे हे शास्त्र आपल्याला परके नाही. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत बारा अंगुळे उंचीच्या काठीला शंकू म्हटले आहे. शंकूभोवती वर्तुळ काढून सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक त्या वर्तुळाला जेथे शिवते ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. होकायंत्राची गरज नाही. दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी मध्यान्हीला शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा सुमारे चार अंगुळे आहे, आणि त्या एका आकड्यात पुण्याचा अक्षांश साठवलेला आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील गोलाध्यायात तर हीच त्रैराशिकाची रीत दिली आहे: दक्षिणोत्तर असलेल्या दोन नगरांच्या अक्षांशांतील फरकाला त्यांच्यामधले अंतर, तर पूर्ण वर्तुळाला किती? एराटोस्थेनीसची सायनी आणि अलेक्झांड्रिया, भास्कराचार्यांची दोन नगरे आणि आपली पणजी व नाशिक यांच्यात तत्त्वाचा काही फरक नाही. हे ज्ञान टिकले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, असे त्यात नमूद आहे. ग्रंथ लिहून झाला म्हणजे ज्ञान राहिले असे नव्हे. ते कोणी तरी कोणाला तरी शिकवीत राहावे लागते, हे त्या नातवाने ओळखले होते.

दुसरी खूण विदर्भात आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. कन्याकुमारीकडून उत्तरेकडे जाणारी एक लांबच लांब दक्षिणोत्तर रेषा साखळ्यांनी आणि कोनमापक यंत्रांनी मोजून पृथ्वीचा आकार नेमका ठरवायचा, हा त्याचा ध्यास होता. अंतर जमिनीवर मोजायचे, कोन आकाशावरून. मूळ कल्पना तीच, फक्त काटेकोरपणा हजारपट. वीस वर्षे त्याने हे काम केले आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वाटेतच त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथे आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

दोन गावांवाचून होत नाही

आता या साऱ्यातून आम्हांला जे सांगायचे आहे ते थोडक्यात सांगतो. नाशिकच्या माणसाने आयुष्यभर आपल्या अंगणातली सावली मोजली तरी पृथ्वीचे माप त्याला मिळणार नाही. पणजीच्या माणसाला तर त्या दिवशी मोजायला सावलीच नसते. एकाजवळ आकडा आहे, दुसऱ्याजवळ शून्य आहे. दोघांनी ते एकमेकांना सांगितले तरच पृथ्वी हाती येते. सायनीच्या विहिरीत पडणारे ऊन कोणा अनाम माणसाने पाहिले, ते दुसऱ्याला सांगितले आणि ती गोष्ट शेकडो मैलांवर एका विद्वानाच्या कानी गेली, म्हणून त्याचे गणित झाले. त्या पहिल्या माणसाने "यात काय विशेष!" म्हणून गोष्ट पोटात ठेवली असती तर?

आपल्याकडे कुतूहलाला पोरकटपणा समजण्याची खोड आहे. मोठ्या माणसाने सावलीकडे बोट दाखवून "अरे, हे पाहा!" म्हणणे शोभत नाही असे वाटते. परंतु नवल वाटणे आणि ते दुसऱ्याला दाखवणे ही विज्ञानाच्या शेवटी जोडलेली करमणूक नाही. विज्ञान तेथूनच सुरू होते आणि त्यावरच चालते. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्रचंड इतिहास मराठीत लिहिला. तोच विद्वान सामान्य वाचकांसाठी 'ज्योतिर्विलास' लिहायला बसला आणि त्याने त्या पुस्तकाला 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले. आकाश पाहणे ही मौज आहे, असे म्हणण्यात त्या गंभीर पंडिताला कमीपणा वाटला नाही.

तेव्हा येत्या मे महिन्यात एवढे करावे. आपल्या गावचा बिनसावलीचा दिवस ज्या सुमारास येतो त्याच्या आधी चार दिवसांपासून रोज मध्यान्हीला काठी उभी करावी. घरातल्या मुलांना आधी उत्तर सांगू नये, "उद्या सावली कोठे पडेल?" असे विचारून त्यांच्याकडून कागदावर खूण करून घ्यावी आणि मग सूर्यालाच निकाल देऊ द्यावा. मुलांचा अंदाज चुकला तर त्यांना हसू नये. चुकलेला अंदाज माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात उभा करतो, आणि हेच आपल्याला हवे आहे.

आणि पुढची पायरी म्हणजे दुसरे गाव शोधणे. कोणाचा मामा नाशकात असतो, कोणाची मावशी पणजीला. एरवी दूरध्वनीवर आपण त्यांना पावसापाण्याची आणि लग्नकार्याची हकिगत विचारतो. त्या दिवशी साडेबाराला एवढेच विचारावे: "तुमच्याकडे सावली किती?" पलीकडून आलेला आकडा आपल्या आकड्याशेजारी लिहावा आणि वजाबाकी करावी. मग मुलाने "पृथ्वी एवढी मोठी कशावरून?" असे विचारले, तर त्याच्या हाती तो कागद देता येईल.